स्वारपरीक्षा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस घोड्याला कसकसा पाहतो, हे एकदा नीट बघावं. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठावर दत्तजयंतीला ही यात्रा भरते आणि महाराष्ट्राबाहेरूनही घोडे तिथे विक्रीला येतात. गिऱ्हाईक आधी लांबूनच अंगलोट न्याहाळतं. मग जवळ येऊन ओठ वर करून दात बघतं, पाय उचलायला लावून खूर तपासतं, पाठीवरून, पुठ्ठ्यावरून हात फिरवतं आणि भोवरे शोधतं. गळ्याशी देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, असला तर मालकाचा आवाज चढतो. भोवरा नको त्या जागी निघाला तर चांगलं उमदं जनावर संध्याकाळपर्यंत तसंच उभं राहतं. (मला विचाराल तर भोवऱ्यावरून घोडा नाकारणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, पण तो वेगळ्या पुस्तकाचा विषय.)

अश्वपरीक्षेची ही परंपरा आपल्याकडे फार जुनी. शालिहोत्राच्या नावानं चालत आलेले ग्रंथ आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यातही घोड्यांवर आणि घोड्यांच्या खेळावर भरपूर मजकूर आहे. तिकडे ग्रीसमध्ये झेनोफननं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर जे लिहिलं, त्याची सुरुवातही घोडा विकत घेताना फसू कसं नये यापासूनच होते, आणि आधी पाय बघा असा त्याचा सल्ला आहे. सगळा भर घोड्यावर. मात्र हा झेनोफन स्वतः लढाया पाहिलेला माणूस होता, त्यामुळे पुढे तो एक वेगळी गोष्टही बजावतो: रागात असताना घोड्याच्या वाटेला जाऊ नका. म्हणजे घोड्याचे पाय बघून झाले, आता स्वतःकडे बघा. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो.

कारण परीक्षा दोन्ही बाजूंनी चालू असते. रिकिबीत पाय ठेवून खोगिरावर बसेपर्यंत घोड्यानं तुमच्याबद्दल पुष्कळ काही जाणलेलं असतं. तुम्ही धपकन बसलात की अलगद, तुमचा तोल कुठल्या बाजूला आहे, मांड्या आवळलेल्या आहेत का, श्वास वर छातीत अडकलाय का, लगाम हातात घेतलाय की त्याला लटकलात. यांतलं काहीही तुम्ही त्याला सांगायचं ठरवलेलं नसतं. तरी ते सांगून झालेलं असतं.

शिकवण्याच्या धंद्यात एक वाक्य रोज कानावर पडतं: “मॅडम, हा ऐकतच नाही.” शिकाऊ मुलगा म्हणतो, वीस वर्षं स्वारी केलेला माणूसही म्हणतो. माझा अनुभव असा की घोडा बहुतेक वेळा ऐकत असतो; फक्त स्वाराला जे सांगायचं असतं ते ऐकण्याऐवजी स्वार प्रत्यक्षात जे सांगतोय ते ऐकत असतो. टाच म्हणते पुढे चल आणि हात म्हणतो थांब. घोड्यानं कुणाचं ऐकावं?

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा ज्या घोड्यानं दिला, त्याच्या पाठीवर तेव्हा कुणी स्वार नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त गणितशिक्षक राहत. त्यांचा हान्स नावाचा घोडा बेरजा करी, अपूर्णांक सोडवी, तारीख आणि घड्याळातली वेळ सांगे. उत्तर द्यायचं ते खूर आपटून. लोक थक्क होत. फॉन ओस्टेन पैसे घेत नसत, त्यामुळे फसवणुकीचा संशयही टिकेना. अखेर १९०४ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्प्फ यांच्या नेतृत्वाखाली एक समिती बसली. सर्कशीतला जाणकार, पशुवैद्य, शिक्षक असे लोक तिच्यात होते. समितीनं निर्वाळा दिला की यात हातचलाखी काही नाही.

मग श्टुम्प्फ यांच्या हाताखालचा ऑस्कर फुंग्स्ट कामाला लागला. त्यानं प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली, तेव्हा हान्स चुकू लागला. विचारणारा हान्सला दिसणार नाही अशी झापडं बांधली, तेव्हाही चुकू लागला. फुंग्स्टनं मग घोड्याकडे बघणं सोडलं आणि माणसाकडे बघायला सुरुवात केली. प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे बघायला डोकं किंचित पुढे झुकवी. हान्स आपटायला सुरुवात करी. बरोबर आकडा आला की माणसाचा ताण सुटे आणि डोकं केसभर वर येई, हान्स थांबे. एवढंच. फॉन ओस्टेन यांना आपण काही खूण करतोय याचा पत्ताच नव्हता. १९०७ मध्ये फुंग्स्टनं हे सगळं पुस्तकरूपानं मांडलं आणि मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात हान्स कायमचा जाऊन बसला.

अभ्यासक्रमात मात्र या गोष्टीचा अर्धाच भाग सांगतात. घोड्याला गणित येत नव्हतं, प्रयोग करताना काळजी घ्या, इतकंच. स्वारासाठी खरी किंमत दुसऱ्या अर्ध्याची आहे. एक म्हणजे, समितीतल्या एकाही तज्ज्ञाला न दिसलेली हालचाल त्या घोड्याला दिवसभर दिसत होती. दुसरं त्याहून अवघड आहे: गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःच्या खुणा पूर्णपणे दाबता येईनात. तो हान्ससमोर उभा राहिला की त्याचं डोकं हले, आणि हान्स ते वाची. इथे ज्ञान पुरत नाही. आपण काय करतो हे कळणं आणि ते करायचं थांबणं यांत मोठं अंतर आहे, आणि या पुस्तकातली बहुतेक प्रकरणं त्याच अंतरात घुटमळतात. फॉन ओस्टेन १९०९ मध्ये वारले. हान्स दुसऱ्या मालकाकडे गेला आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत त्याचा माग हरवला.

हान्स माणसाला डोळ्यांनी वाचत होता. स्वाराचं तसं नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांतलं दिसतं, पण ज्या थोड्या भागातलं दिसत नाही त्यात त्याची स्वतःची पाठ येते. तुम्ही बराचसा वेळ त्याच्या नजरेआड बसलेले असता. मग तो तुम्हाला कातडीनं आणि पाठीच्या स्नायूंनी वाचतो. माशी बसली तर घोडा नेमकी तेवढीच कातडी थरथरवतो, हे कुणीही पाहिलेलं असेल. त्या कातडीवर पन्नाससाठ किलोंचा माणूस बसला आणि त्यानं डावीकडे बघायला नुसती मान वळवली, तर त्याच्या बैठकीच्या दोन हाडांवरचं वजन बदलतं, आणि ते खाली कळतं. पुण्यातल्या लोकांना हे समजावणं सोपं आहे: स्कूटरवर मागे बसलेला माणूस वळणावर उलटीकडे कलला की चालवणाऱ्याला मागे न बघता कळतं. फरक इतकाच की स्कूटर घाबरत नाही.

घाबरण्याचा मुद्दा जरा विस्तारानं सांगायला हवा, कारण स्वारी सोडून देणाऱ्यांपैकी बहुतेक जण तिथेच अडतात. घोडा हा शिकार होणारा प्राणी. पळणं हेच त्याचं शस्त्र, आणि कळपातल्या एकानं मान वर केली की बाकीच्यांनी कारण न विचारता पळायचं, अशी त्याची घडण. तुम्ही पाठीवर बसलात की तुम्हीही त्या कळपात मोडता. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक फार देखणा प्रयोग केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांनी घोड्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचं, कधी हातात धरून, कधी वर बसून. अशा खेपा झाल्यावर चौथ्या खेपेआधी माणसांना सांगितलं, या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.

आता हेच रिंगणात लावून बघा. कोपऱ्यात निळं प्लास्टिक फडफडतंय. काल घोडा तिथे बुजला होता, हे स्वाराच्या डोक्यात आहे. कोपरा दहा पावलांवर आला की स्वार लगाम आखूड करतो, गुडघे आवळतो, श्वास धरतो आणि नजर प्लास्टिकवर रोवतो. घोड्याला कळतं ते एवढंच की वरचा साथीदार घाबरलाय, तोही त्या बाजूला बघून. घोडा कान टवकारतो, अंग आखडतो, बाजूला उडी मारतो. स्वार म्हणतो, बघा, म्हटलं नव्हतं! त्याची भीती खरी ठरली, आणि उद्या तो आणखी चार पावलं आधी घाबरेल. या चक्रात पहिला कोण बुजला हे शोधण्यात अर्थ नसतो. ते तोडता येतं फक्त एका टोकाकडून, कारण आपण काय करतोय हे पाहण्याची सोय दोघांतल्या एकाचकडे आहे. घोड्याला ‘घाबरू नकोस’ असं सांगता येत नाही. स्वाराला मात्र आपला श्वास कोंडलाय हे ओळखून तो सोडता येतो, आणि नजर कोपऱ्याच्या पलीकडे नेता येते.

ओळखणं म्हणते खरी, पण तिथेच खरी मेख आहे. आपल्याला आपलं शरीर वाटतं तसं नसतं. फ्रेडरिक मॅथियास अलेक्झांडर हा १८६९ मध्ये टास्मानियात जन्मलेला नट. रंगमंचावर बोलताना त्याचा आवाज बसायचा. डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्यानं आरशासमोर उभं राहून स्वतःला बोलताना पाहिलं, तर तो तोंड उघडताच डोकं मागे खेचत होता. त्यानं ते सुधारायचं ठरवलं आणि सुधारलं असं त्याला वाटलंही. आरशात बघतो तर डोकं पूर्वीसारखंच मागे. सवय इतकी मुरली होती की चुकीची ठेवण त्याला बरोबर वाटत होती आणि बरोबर ठेवण वाकडी. पुढे यातूनच शरीराच्या वापराकडे लक्ष देण्याची त्याची पद्धत तयार झाली.

ही पद्धत घोड्याच्या पाठीवर नीट आणून बसवली ती अमेरिकेतल्या सॅली स्विफ्ट यांनी. लहानपणापासून त्यांचा पाठीचा कणा वाकडा होता. आपलं शरीर गृहीत धरण्याची चैन त्यांना कधी परवडलीच नाही, आणि माझ्या मते त्यांच्या शिकवण्यातली धार तिथून आली. १९८५ मध्ये त्यांचं ‘सेंटर्ड रायडिंग’ हे पुस्तक निघालं. त्यांच्या सांगण्यात चार गोष्टी मूळच्या: नजर एका ठिकाणी रोवण्याऐवजी मोकळी, पसरलेली ठेवणं, श्वास पोटापर्यंत जाऊ देणं, शरीराचा मध्य सापडणं, आणि पाय, कंबर, खांदे, डोकं एकावर एक नीट रचणं. वाचायला अगदीच किरकोळ. पण रिंगणात एखाद्याला चालत्या घोड्यावर नुसतं ‘आता श्वास बाहेर सोड’ म्हणून बघा. पुष्कळदा घोडाही फुरफुरून मान खाली सोडतो.

आपल्याकडच्या रायडिंग स्कूलमधून ऐकू येणारी शिकवण बहुतेक लष्करी थाटाची: खांदे मागे, टाच खाली, छाती पुढे. त्या हुकमांत चूक काही नाही, पण त्यांनी माणूस ताठतो, आणि ताठलेल्या माणसाला खालचं काही कळत नाही. शिवाय ज्याचा उजवा खांदा जन्मभर पुढे आहे त्याला ‘सरळ बस’ म्हणून सांगणं व्यर्थ. तो आपल्या मते सरळच बसलाय. त्याचा घोडा मात्र उजवीकडच्या वळणावर दर वेळी खांदा आत टाकतो आणि डावीकडे गुळगुळीत वळतो, म्हणून घोड्यावर ठपका येतो की हा एका बाजूला कडक आहे. असा ठपका ठेवण्याआधी दुसरा स्वार त्याच घोड्यावर बसवून पाहावा. दोष घोड्यात राहतो की पहिल्या स्वाराबरोबर खाली उतरतो, ते लगेच कळतं.

हाताबद्दल थोडं कडक बोलायचं आहे. घोड्याला शिकवण्याचं तंत्र सांगायला एक ओळ पुरते: हलका दाब द्यायचा, आणि घोड्यानं हवं ते करताच त्याच क्षणी तो काढायचा. घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी. आता असा स्वार घ्या, ज्याला आपला हात कधी बंद आहे आणि कधी उघडा आहे हेच कळत नाही. तो थांबवायला लगाम ओढतो, घोडा थांबतो, हात तसाच ओढलेला राहतो. घोड्याच्या बाजूनं हिशोब काय झाला? थांबलो तरी तोंडातलं दुखणं थांबलं नाही, म्हणजे थांबणं हे उत्तर नव्हतं. मग तो दुसरी उत्तरं शोधतो: मान वर फेकतो, कडी दातांत धरतो, मागे सरकतो, शेवटी पुढचे पाय उचलतो. मालक म्हणतो तोंड मेलं, आणि आणखी जहाल लगाम आणतो. काटेरी लगामावर भारतात १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. तरी तो वरातीच्या घोड्यांच्या तोंडात दिसतो. आपण ज्याला अडेलतट्टू म्हणतो ते बिचारं बहुधा योग्य उत्तर देऊन शिक्षा खाल्लेलं जनावर असतं.

माथेरानचे घोडे बघा. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे ही जनावरं कष्टानं पोट भरतात, आणि आपलंच नाही तर मालकाच्या घराचंही. दिवसभर कुणी ना कुणी वर बसतं: टाचा मारणारी पोरं, लगामाला लोंबणारे काका, किंचाळणाऱ्या मावश्या. कुणी काही म्हणायचं, पण घोडा ढिम्म. तो शेजारून चालणाऱ्या घोडेवाल्याच्या आवाजावर चालतो, त्याच्या पावलावर थांबतो. पाठीवरून येणाऱ्या बडबडीत काही अर्थ नाही हे तो शिकला आहे, आणि त्याच्या जागी ते शहाणपण आहे. त्याला मठ्ठ म्हणू नये. अशा घोड्यालाही पाठीवरचा माणूस पुन्हा ऐकायला शिकवता येतं. पण त्यासाठी आधी काही काळ पाठीवरून काहीही निरर्थक न बोलणारा स्वार लागतो. तो मिळणंच कठीण.

व्हिएन्नातल्या स्पॅनिश रायडिंग स्कूलनं या अडचणीवर शतकानुशतकं एक उपाय ठेवला आहे. नवा शिकाऊ तिथे सुरुवातीचा मोठा काळ लांब दोरीवर फिरणाऱ्या, पूर्ण शिकलेल्या घोड्यावर बसतो, हातात लगाम नाही आणि पायात रिकीब नाही. घोडा दोरी धरणाऱ्याच्या ताब्यात. शिकाऊ मुलाचं काम एकच: बसायला शिकणं. बोलायची परवानगी नंतर. कोऱ्या घोड्यावर तिथे कसलेला स्वार बसतो आणि कोऱ्या स्वाराला कसलेला घोडा मिळतो. या शाळेचे प्रमुख राहिलेले आलोइस पोडहायस्की यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘माझे घोडे, माझे शिक्षक’ अशा अर्थाचं नाव दिलं, ते काही नम्रता म्हणून नव्हे. आपल्याकडे पहिल्याच दिवशी हातात लगाम देतात, कारण मुलाच्या आईवडिलांना फोटो हवा असतो.

मराठ्यांच्या घोडदळाचा विषय निघाला की आपली छाती फुगते. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःच्या. बखरींत पागा, हवालदार, जुमलेदार यांची मोजदाद सापडते. पण घोड्याशी बोलावं कसं, नवा बारगीर कसा घडवावा, यावर आपण फारसं काही लिहून ठेवलं नाही. ते ज्ञान खरारा करणाऱ्या मोतद्दारांच्या हातांत होतं आणि पागांबरोबर विरलं. आज घोडेस्वारी शिकणारी मराठी मुलं वाढत आहेत. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या चार भारतीयांत मुंबईचा हृदय छेडा होता. ४१ वर्षांनी भारताला अश्वक्रीडेत सुवर्ण मिळालं. ही चौघंही युरोपात राहून शिकली. ड्रेसाज हा प्रकार तर निव्वळ संवादाचाच: स्वार काही करतोय असं दिसताच कामा नये. मराठीत हा विषय सांगणारं पुस्तक हवं, असं मला वाटू लागलं ते त्या निमित्तानं.

संवाद म्हणजे खुणांची यादी पाठ करणं, असा समज पुष्कळांचा असतो. पायाची ही खूण, हाताची ती. डेन्मार्कच्या लिस हार्टेलकडे बघून तो सोडून द्यावा. १९४४ मध्ये तिला पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. स्वारीच्या कुठल्याही पुस्तकात खुणांचं पहिलं प्रकरण पोटऱ्यांचं. तिच्याकडे पोटऱ्याच उरल्या नाहीत. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला माणसं लागत. तिनं ‘जुबिली’ या आपल्या घोडीबरोबर वजनाच्या आणि पाठीच्या सूक्ष्म बदलांवर सगळी भाषा नव्यानं उभी केली, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं रौप्यपदक मिळवलं. त्या आधी ऑलिंपिकमध्ये हा खेळ मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांचा होता. स्त्रिया पहिल्यांदाच उतरत होत्या. चार वर्षांनी तिनं पुन्हा रौप्य मिळवलं. जुबिलीला आपल्या स्वारात काही कमी आहे हे माहीत नव्हतं. तिला जे सांगितलं जात होतं ते स्पष्ट होतं.

याच्या नेमकं उलट चित्र जगानं ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये पाहिलं. मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत खेळाडूला घोडा चिठ्ठीनं मिळे आणि ओळख करून घ्यायला वीस मिनिटं. जर्मनीची आनिका श्लॉय तोवर आघाडीवर होती. तिच्या वाट्याला ‘सेंट बॉय’ आला. तो आधीच्या स्वारालाही नकार देऊन थकला होता. श्लॉय रिंगणात आली ती रडतच. घोडा मागे सरकू लागला, तिनं चाबूक आणि टाचा चालवल्या, तो आणखी बिथरला. कठड्याजवळून तिची प्रशिक्षक मार म्हणून ओरडत होती. त्या प्रशिक्षकेनं स्वतः घोड्याला ठोसा मारला आणि त्याबद्दल प्रशिक्षकेला स्पर्धेतून काढलं गेलं. श्लॉयची टवाळी खूप झाली. मला ती अन्यायाची वाटते. आयुष्याची मेहनत डोळ्यांसमोर बुडत असताना कुणाचा श्वास ताळ्यावर राहील? दोष त्या नियमाचा होता, ज्यानं धरलं होतं की घोडा हे साधन आहे आणि कुठल्याही हाताला चालेल. पॅरिस २०२४ नंतर या खेळातून घोडा काढून टाकला गेला, ते ठीकच झालं.

आता घोड्याची बाजू. तो बोलतो तेव्हा आपण ऐकतो का? कान मागे पडले, शेपटी सारखी आपटू लागली, जबडा आवळला, डोळ्याच्या वरची कातडी त्रिकोणी आखडली, तंग आवळताना तो चावायला वळला, तर बहुतेक स्वार त्याला ‘खोड’ म्हणतात. पुष्कळदा ते खोगीर पाठीत रुतत असल्याचं सांगणं असतं. नॉर्वेत सेसिलिए मेइडेल आणि सहकाऱ्यांनी २३ घोड्यांना फळ्यांवरच्या खुणा शिकवल्या: आडवी रेघ म्हणजे झूल घाला, उभी रेघ म्हणजे काढा, कोरी फळी म्हणजे असू द्या. घोडे नाकानं फळी निवडत. थंडीपावसात त्यांनी झूल मागितली, उन्हात काढायला लावली. २०१६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठानं दाखवलं की माणसाच्या रागीट चेहऱ्याचं नुसतं छायाचित्र दिसलं तरी घोड्याचे ठोके लवकर चढतात. सांगायला आणि समजून घ्यायला त्याच्याकडे कमी काही नाही.

मात्र इथे दुसऱ्या बाजूचाही धोका आहे, आणि तो सध्या वाढतोय. घोडा माझं मन ओळखतो, तो माझा आरसा आहे, त्यानं मला निवडलं, असली भाषा शहरी वर्गात लोकप्रिय होत चालली आहे. घोड्याच्या जवळ उभं राहून आत्मशोध करून देणारी शिबिरंही निघाली आहेत. घोड्याला तुमच्या आत्म्याशी काही देणंघेणं नाही. त्याला तुमचा आखडलेला खांदा कळतो, आणि तेवढं पुरेसं आहे. २०२१ मध्ये पिसा इथल्या संशोधकांनी १४ घोड्यांसमोर आरसा ठेवून त्यांना स्वतःची ओळख पटते का हे तपासलं. निष्कर्ष होकाराकडे झुकणारा निघाला, पण त्यावर वाद आहे. घोड्याला स्वतःची जाणीव किती, हे ठरेल तेव्हा ठरेल. आपली आपल्याला किती, हा प्रश्न मात्र उद्या सकाळच्या रपेटीचा आहे.

या पुस्तकात अडथळे कसे ओलांडावेत, स्पर्धा कशी जिंकावी, घोडा कुठला घ्यावा यांतलं काही नाही. आहे ते स्वाराच्या शरीराबद्दल: बैठक, श्वास, नजर, हात, भीती आणि राग. रागाचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे, आणि ते कापायला मी नकार दिला. शब्द शक्यतो पागेतले ठेवले आहेत: मांड, रिकीब, तंग, दुडकी. जिथे सईसही इंग्रजी शब्दच वापरतात तिथे तोच ठेवला. वाचकांना एक विनंती आहे. प्रकरणं क्रमानं वाचा, एका प्रकरणाला निदान आठवडा द्या, आणि जमलं तर कुणाला तरी तुमचं मागून चित्रण करायला सांगा. मागून, कारण वाकडेपणा तिथून दिसतो. पहिल्या प्रकरणाला घोडा लागत नाही. पाठ नसलेलं एक लाकडी स्टूल आणा, दोन्ही तळवे बैठकीच्या हाडांखाली घालून बसा, आणि कुठल्या तळव्यावर वजन जास्त पडतंय ते बघा.